व्याह्यांवर बजावलेल्या नोटिसा

माझ्या एकुलत्या एका मुलीच्या सासऱ्यांवर मी तिच्या लग्नाआधी तीन नोटिसा बजावल्या. तिन्ही स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. असे करणारा मी पहिलाच वधूपिता असेन, असा माझा दावा नाही. तसा दावा करण्यास लागणारी कागदपत्रे माझ्यापाशी नाहीत.

मी मूळचा बडोद्याचा. आमची ही तिथली चौथी पिढी. छत्तीस वर्षे मी जिल्हा न्यायालयात नोकरी केली आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती आणि कागदावर कायद्याची भाषा, अशा तीन खणांत माझे आयुष्य नीट लावून ठेवलेले होते. आमच्या कचेरीत एखाद्याचा दावा फेटाळला गेला, तरी त्याला आधी बसायला सांगत, पाणी देत, नावापुढे 'भाई' लावत आणि मगच ती बातमी कानावर घालत. विनोद आम्हांला वर्ज्य नव्हता. परंतु तो करण्यापूर्वी 'एक गंमत सांगतो हं' अशी पूर्वसूचना दिली जाई, आणि गंमत संपली की सांगणारा स्वतः हसून ती संपल्याचे जाहीर करी. श्रोत्याची फसवणूक होत नसे.

निवृत्तीच्या सुमारास मुलगी मुग्धा सोलापूरला औषधनिर्माण महाविद्यालयात शिकवू लागली आणि आम्ही उभयता तिच्यामागोमाग शुक्रवार पेठेत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो. सामान वर चढत होते. पहिल्या मजल्यावरच्या महादेवी अक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळले आणि माझ्या पत्नीला, सुलभाला, विचारले, "वैनी, ह्ये सामानाबरुबर आलंय, का आदीच्या भाडेकरूनं सोडून गेल्यालं हाय?"

चेहऱ्यावर स्मिताची रेषासुद्धा नाही. मी त्याच संध्याकाळी घरमालकांना पत्र लिहिले. 'निवृत्त शासकीय कर्मचाऱ्याची गणना टाकून दिलेल्या वस्तूंत केल्याबाबत' असा विषय घातला. दोन दिवसांनी घरमालकांचा फोन आला. पत्र मिळाले, असे ते अत्यंत गंभीरपणे म्हणाले, आणि ती वस्तू हलवण्यासाठी माणसे पाठवायची आहेत काय, अशी त्यांनी विचारणा केली.

सुलभाचे मात्र पंधरा दिवसांत जमले. अक्कांनी जिन्यात "म्हातारं हाय का गेलं?" असे विचारले, की ती शांतपणे "आहे अजून, तुम्हांला न्यायचंय का?" असे उत्तर देई आणि दोघी मिळून भाजी आणायला जात. ज्या स्त्रीबरोबर मी चौतीस वर्षे संसार केला, ती मला इतक्या सहजी देऊन टाकील असे वाटले नव्हते. तिचे म्हणणे, लोक गंमत करतात. माझे म्हणणे इतकेच, की गंमत असेल तर ती तशी आधी कळवण्यात यावी. यावर तिने मला झोप काढण्याचा सल्ला दिला.

अशा परिस्थितीत मुग्धाने तिला अमोल पसंत असल्याचे सांगितले. अमोल जनावरांचा डॉक्टर. सरकारी दवाखान्यात नोकरी, घर मंद्रूपला, वडील शेती करतात आणि मेंढरे राखतात. मला मुलगा आवडला. तो कमी बोले, आणि बोललाच तर वाक्य पूर्ण करी. मी संमती दिली, आणि घर पाहण्यासाठी म्हणून आम्ही तिघे मंद्रूपला गेलो.

अमोलचे वडील नामदेव आप्पा अंगणातच उभे होते. आडवा बांधा, पांढऱ्या मिशा, आणि आवाज असा की चार शेते पलीकडच्या माणसाने वळून पाहावे. मागे भावकीतली चाळीसेक मंडळी. मी गाडीतून उतरून नमस्कारासाठी हात जोडतो न जोडतो तोच ते म्हणाले, "पाव्हणं, आदी पोराचं दात बगून घ्या. मागनं तक्रार घिऊन आलासा तर चालायचं न्हाय. बाजाराचा नेम हाय, इकल्यालं जनावर परत घेत न्हाईत."

चाळीसही जण हसले. अमोलने खरोखर तोंड उघडून दाखवले. मी नाइलाजाने पाहिले.

जेवायला ज्वारीची भाकरी होती, वांग्याची भाजी आणि शेंगांची चटणी. मी सवयीप्रमाणे लहान घास घेत, सावकाश जेवत होतो. आप्पा समोर बसून पाहत होते. ते शेजारच्याला म्हणाले (पण ऐकू सर्वांना गेले), की पाव्हणं आपल्या शेळीगत खात्यात, हुंगत्यात लई आन खात्यात कमी. हाडंबी तसलीच हायती. पुन्हा हशा. मुलगी पसंत असल्याचे त्यांनी जाहीर केले, त्याला जोडूनच त्यांनी मलाही तिथेच ठेवून घेण्याचा प्रस्ताव मांडला. मेंढरांमागे एक माणूस कमी पडत होता. मला काही काम नव्हते. नुसते रानात उभे केले तरी लांडगा फिरकणार नाही, असे त्यांचे मत पडले.

मी एक शब्दही बोललो नाही. जे बोलायचे ते लेखी बोलावे, हे मी न्यायालयात शिकलो आहे. मी जसजसा गप्प होत गेलो, तसतसे आप्पा अधिक जोराने आणि अधिक घाईने बोलू लागले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. आम्ही निघालो तेव्हा गाडीच्या खिडकीत डोके घालून त्यांनी माझ्या चष्म्यावरही दोन वाक्ये टाकली, आणि मग माझ्या तोंडाकडे बघत राहिले. हा उद्धटपणाचा कळस होता, अशी मी मनात नोंद केली.

दुसऱ्या दिवशी पहिली नोटीस गेली. तिचा मजकूर मला आजही पाठ आहे, आणि तो पाठ असण्याचे कारण पुढे येईलच.

'विषय : निम्नस्वाक्षरीकाराच्या शरीराची व आहाराची शेळीशी तुलना केल्याबाबत.

१. आपण चाळीस साक्षीदारांसमक्ष उपरोक्त तुलना केलीत. तिच्या पुष्ट्यर्थ कोणताही आधार आपण सादर केलेला नाही.

२. निम्नस्वाक्षरीकारास मेंढरांमागे ठेवून घेण्याचा मनोदय आपण व्यक्त केलात. अशा कृत्यास कायद्यात बेकायदा अटकाव असे म्हणतात.

३. आपल्या सुपुत्राचे दात तपासण्याची सूचना आपण केलीत. त्याबाबत तक्रार नाही. दात चांगले आहेत.

४. सबब, हे पत्र मिळाल्यापासून आठ दिवसांचे आत आधारासह खुलासा करावा.'

घरात मी याची वाच्यता केली नाही. मुग्धा खुशीत होती. साखरपुड्याच्या याद्या करीत होती. तिच्या आनंदात व्यत्यय आणणे मला प्रशस्त वाटले नाही.

सातव्या दिवशी दुपारी इमारतीखाली टेम्पो थांबला. आप्पांचा पुतण्या, चांगला पन्नाशीचा गृहस्थ, एक शेळी घेऊन दोन जिने चढून वर आला. त्याने एक वही पुढे केली आणि पोच मागितली. समोर पोचपावती आली की सही करायची, ही माझी छत्तीस वर्षांची सवय. मी सही केली. दोर माझ्या हातात देऊन तो खाली उतरला. शेळीच्या गळ्यात चिठ्ठी होती :

'नोटीस पोचली. आधार मागितलासा म्हनून आधार धाडलाय. दोगं शेजारी हुबं ऱ्हावून ताडून बगा. ताडून झालं की कळवा, गाडी धाडतो. नामदेव.'

शुक्रवार पेठेत एखादी बातमी पसरायला किती वेळ लागतो, याचे मोजमाप मी करू शकलो नाही, कारण मी शेळी धरून होतो. ती गॅलरीत बांधेपर्यंत जिन्यात गर्दी झाली. महादेवी अक्कांनी आम्हां दोघांना शेजारी उभे करून डोळे बारीक करून पाहिले. खालच्या किराणा दुकानदाराने दाढीबाबत साम्य असल्याचे मत दिले. (मी दाढी ठेवत नाही. त्या दिवशी करायची राहिली होती.) अखेरीस अक्कांनी निकाल दिला, "नाकात फरक हाय. बाकी सांगता येत न्हाय."

मी संतापाने आत वळलो आणि टेबलावरची फाइल उचलायला गेलो. तेवढ्या वेळात दोर सुटला होता. पहिल्या नोटिशीची स्थळप्रत, घरमालकांना लिहिलेल्या पत्राची दोन पाने आणि फाइलचा वरचा पुठ्ठा शेळीने खाल्ला होता. ती हुंगत नव्हती. ती व्यवस्थित खात होती. तुलना तिथेच कोसळत होती, पण पाहायला पंच नव्हते.

संध्याकाळी मुग्धा घरी आली. शेळी पाहिली, चिठ्ठी वाचली आणि तिने विचारले, "बाबा, कसली नोटीस?"

स्थळप्रत शेळीच्या पोटात असल्याने मला मजकूर तोंडपाठ म्हणून दाखवावा लागला. तीन क्रमांकाच्या मुद्द्याला सुलभाने पदर तोंडात घातला. मुग्धा मात्र हसली नाही. ती खुर्चीवर बसली, आणि तिचा आवाज इतका हळू झाला की मला पुढे वाकावे लागले.

"बाबा, मला त्या घरात आयुष्य काढायचंय. आणि तुम्ही तिथं साक्षीदारांची संख्या कळवताय."

मी तिला शब्द दिला, की या विषयावर मी आप्पांना पुन्हा पत्र लिहिणार नाही. थोड्या वेळाने अमोल शेळी न्यायला आला. शेळी काखोटीला मारून जिना उतरताना त्याचे खांदे गदगदत होते. बिचारा रडतो आहे, असे मला वाटले. आणि आपल्या मुलावर ही वेळ आणणाऱ्या बापाबद्दल माझा संताप दुणावला.

दिलेला शब्द मी पाळला. दुसरी नोटीस त्या विषयावर नव्हतीच. तिचा विषय 'पुरावा म्हणून सजीव प्राणी धाडल्याबाबत, व सदर प्राण्याने दप्तर नष्ट केल्याबाबत' असा होता. हे वादकारण संपूर्णतः वेगळे आहे, हे कायद्याची जुजबी ओळख असलेला कोणीही मान्य करील. सुलभाला कायद्याची जुजबी ओळखही नसल्यामुळे मी तिला ते सांगितले नाही.

या वेळी उत्तर फोनवर आले. कागद शेळीने खाल्ला असताना नोटीस आपल्याला कशी, अशी आप्पांनी हरकत घेतली. ती शेळीच्या नावाने काढायला हवी होती. (हरकतीत तथ्य नव्हते. पाळीव प्राण्याच्या कृत्याला धनी जबाबदार असतो.) मी हा मुद्दा मांडण्यासाठी श्वास घेतला, तोच त्यांनी विचारले, "फुडची कवा येतीया? बाजाराच्या दिशी आली तर लई बरं हुईल."

नोटीस कोणत्या वारी मिळावी, हे ती मिळणाऱ्याने सुचवावे! छत्तीस वर्षांत मी खुनाचे आरोपी पाहिले, पण असा निर्ढावलेला मनुष्य पाहिला नाही. त्याच तिरमिरीत मी तिसरी नोटीस लिहिली. सात परिच्छेद. पहिल्या सहांत आजवरच्या सर्व अपमानांची तारीखवार मांडणी होती. सातवा असा होता : 'आपले वर्तन असेच सुरू राहिल्यास, कन्येच्या विवाहास दिलेली संमती परत घेणे निम्नस्वाक्षरीकारास भाग पडेल.'

वाक्य घडीव उतरले होते. मी ते दोनदा मोठ्याने वाचले, पाकिटावर पत्ता घातला आणि पोस्टात देऊन आलो.

घरी परतलो तो मुग्धा आरशासमोर उभी. अंगावर साखरपुड्याची हिरवी इरकल. सुलभा खाली बसून निऱ्या नीट करीत होती, अक्का पदर पाहत होत्या. मुग्धाने आरशातूनच मला विचारले, "बाबा, आप्पांना हिरवा रंग आवडतो म्हणे. हा आवडेल ना त्यांना?"

मी "हो" म्हणालो. पण तो आवाज माझा नव्हता. सातवा परिच्छेद मी नुकताच पोस्टात देऊन आलो होतो.

मी तसाच पोस्टात परत गेलो. रवाना न झालेले पत्र पाठवणाऱ्याला अर्ज करून परत मागता येते, हे मला ठाऊक होते. मी अर्ज लिहिला. इतका आर्जवी अर्ज मी आयुष्यात लिहिला नव्हता. खिडकीतल्या बाईंनी तो आस्थेने वाचला आणि थैली गेल्याचे सांगितले. घरी येऊन मी जेवलो नाही. कारण विचारल्यावर पित्त म्हणालो.

सकाळी मी कोणाला न सांगता मंद्रूपची एसटी धरली. हेतू स्पष्ट सांगतो, लपवण्यात अर्थ नाही : पोस्टमन आप्पांच्या घरी पोहोचण्याआधी त्याला गाठायचे आणि पत्र त्याच्याकडून काढून घ्यायचे. टपालाच्या मार्गात असा हस्तक्षेप करणे हा गुन्हा आहे. तो गुन्हा मी पूर्ण शुद्धीवर, परतीचे तिकीट मनाशी ठरवून करायला निघालो होतो.

आठवडी बाजाराचा दिवस होता. उन्हासाठी मी डोक्याला आणि अर्ध्या तोंडाला उपरणे गुंडाळले होते. पोस्टात चौकशी केली, तर तिथल्या मास्तरांनी, पत्र केव्हाच गेले, असे सांगितले. बडोद्याच्या पाव्हण्याचे पाकीट आले की पोस्टमन बाकीचे टपाल बाजूला ठेवून आधी तेच पोचवतो, म्हणे. "तितंच आसंल आजून, चहाच्या हाटेलम्होरं. तुमी कोन?" मी 'संबंधित' असे उत्तर देऊन बाहेर पडलो.

हॉटेलसमोर शंभरेक माणसे गोळा झाली होती. बाजार टाकून आलेली. मधल्या बाकड्यावर एक निवृत्त शिक्षक चष्मा लावून उभे होते, आणि त्यांच्या हातात माझी नोटीस होती. ते परिच्छेद दोन वाचत होते. माझ्या चष्म्याविषयीच्या वाक्यांचा मी जो कायदेशीर समाचार घेतला होता, त्यावर लोक गुडघ्यांवर हात मारून हसत होते. पोस्टमन पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होता. कोणीतरी मागून ओरडले, की गुरुजी, त्ये दाताचं म्हना एकदा, आणि गुरुजींनी न पाहता, मुखोद्गत, "त्याबाबत तक्रार नाही. दात चांगले आहेत," असे म्हणून दाखवले.

मी एका कांदेवाल्या म्हाताऱ्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. त्याने मला परगावचा समजून कांद्यांच्या पोत्यावर जागा दिली आणि आपण होऊन समजावून सांगू लागला. आप्पाचा व्याही लई नामी माणूस हाय, असलं लिवतो आन तोंडावरची रेघ हलू देत न्हाय. आमच्याकडं सोयरीक ठरली, की व्याह्यानं व्याह्याची उडवायची असते, आणि समोरच्यानं त्याच्यावर कडी करायची असते. जो उलट बोलत नाही, त्याने सोयरीक मनातून मोडली असे धरतात.

"हा पाव्हणा त्या दिशी मूग गिळून बसला," म्हातारा म्हणाला. "आप्पानं किती येळा डिवचलं, त्यो बोलंना. आप्पा दोन दिस नीट जेवला न्हाय. लेकाचं लगीन आपल्या त्वांडानं मोडलं, म्हनायचा. आन मंग ती चिट्टी आली, शेळीचा आधार दावा म्हनून. आप्पा ती घिऊन गावभर नाचला की."

मला त्या घामेजलेल्या कपाळाची आठवण झाली. गाडीच्या खिडकीतून माझ्या तोंडाकडे बघत राहिलेला तो चेहरा आठवला. ती अरेरावी नव्हती. तो मनुष्य माझ्याकडून एका शब्दाची भीक मागत होता, आणि मी खुलासा मागत होतो.

एवढ्यात गुरुजी सातव्या परिच्छेदावर आले.

त्यांनी तो वाचला. पहिल्या चार शब्दांपर्यंत लोक हसत होते, मग हसू विरत गेले. गुरुजींनी कागद उलटून पाहिला. आप्पांनी विचारले, "फुडं?"

"पुढं सही आहे."

"न्हाय, ह्येच्या फुडं गमतीचं काय हाय?"

"काही नाही आप्पा."

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढली आणि ती हातात धरून बाकड्यावर बसले. "मंग ह्ये खरं दिसतंय," ते म्हणाले. "म्या जास्त बोललो."

शंभर माणसांत कोणी हलले नाही. मला आरशातली हिरवी साडी दिसली. आता एखादा विनोद करणे अत्यावश्यक होते, आणि माझ्या सबंध आयुष्यात तो मी कधी केलेला नव्हता. मी उपरणे सोडले आणि गर्दीतून पुढे गेलो. जे खरे होते, तेवढेच मला बोलता आले.

"परिच्छेद सातमध्ये कायद्याची चूक झाली आहे," मी म्हणालो. "मुलगी सज्ञान आहे. तिच्या विवाहाला माझी संमती कायद्याने लागतच नाही. जी वस्तू माझ्या ताब्यात नाही, ती मी परत घेऊ शकत नाही. सबब परिच्छेद सात मुळातच रद्दबातल आहे. बाकी सहा कायम."

आप्पा माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी सावकाश विचारले, "मंग तुमी हितं कशापायी आलायसा?"

"पत्र तुमच्या हाती पडण्याआधी पोस्टमनकडून पळवायला."

त्यानंतर काय झाले ते मला क्रमवार सांगता येणार नाही. कांदेवाला आपल्याच कांद्यांवर आडवा झाला होता, एवढे आठवते. गुरुजींचा चष्मा पडला. पोस्टमन माझ्यापासून पाकिटांची पिशवी लपवण्याचे सोंग करीत हॉटेलभर पळत होता. आप्पांनी मला मिठी मारली, आणि मी हवेत उचलला गेलो असतानाच ते माझ्या कानात म्हणाले, "व्याही, आमी लई भ्यालो होतो."

"मीही," असे मी तोंडी उत्तर दिले. लेखी पुष्टी करण्याइतका वेळ नव्हता.

साखरपुडा झाला. हिरवी साडी आप्पांना आवडली. लग्नासाठी त्यांनी एकच अट घातली : मांडवात वाचण्यासाठी मी स्वतः चौथी नोटीस लिहून आणावी. आता मला खेळाचा नेम कळला होता. मी अकरा दिवस खपलो. उपमा घातल्या, अतिशयोक्ती केली, आप्पांच्या मिशांवर एक संपूर्ण परिच्छेद खर्ची घातला, आणि लोकांची फसवणूक होऊ नये म्हणून आरंभी 'एक गंमत सांगतो हं' असे स्पष्ट लिहिले.

मंद्रूपच्या मांडवात, पाचशे माणसांसमोर, ध्वनिक्षेपक हातात घेऊन मी ती वाचली. कोणीही हसले नाही. मिशांच्या परिच्छेदाला तर एक मूल रडू लागले. एका म्हाताऱ्या बाईंनी सुलभाला, पाव्हण्यास्नी बरं न्हाय का, असे विचारले. मुग्धाने मुंडावळ्यांआडून डोळे मिटून घेतले होते. शेवटी आप्पा जवळ आले आणि अजिजीने म्हणाले, "व्याही, आज काय झालं ओ? वाईच रागवा की."

अकरा दिवसांच्या परिश्रमांचे हे फळ! माझा तोल गेला. ध्वनिक्षेपक अजून तोंडासमोरच होता. उपस्थितांनी श्रोत्याच्या कर्तव्यात अक्षम्य कसूर केली असून, नावे व पत्ते मिळाल्यास मी प्रत्येकास स्वतंत्र नोटीस काढीन, असे मी बजावले.

मांडव कोसळतो की काय, इतका हशा उसळला. मुग्धाही हसत होती. हसून हसून तिच्या मुंडावळ्या एका बाजूला गेल्या होत्या. अक्षता पडल्यावर लोक जेवायला न जाता माझ्यापुढे रांग लावून उभे राहिले, आणि त्यांनी आपापली नावे व पत्ते लिहून दिले. पिनकोडसह.

गेले चार महिने मी ती पत्रे लिहितो आहे. विनोद म्हणून नव्हे. मी खरोखरच संतापलेला आहे; फक्त ही गोष्ट कोणाला लेखी कळवण्याची सोय आता राहिलेली नाही.